वकिलाची खाजवही

४ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

सुखरूप पोहोचले. फोन करणार नाही. फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "बरं बरं" म्हणता आणि चार दिवसांनी कळतं की कानातलं यंत्र डब्यातच होतं. त्यापेक्षा पत्र बरं, ते तुम्हाला निदान दोनदा वाचता येतं.

इथे बोगदा दोन्ही तोंडांकडून खणतायत. दोन्ही बाजू मधोमध नीट एकमेकींना मिळाव्यात म्हणून रोज मोजणी करायची, हे माझं काम. बोटभर चूकही चालत नाही. आठ महिने तरी इथून हलता येणार नाही.

आता वकिलाबद्दल. निघताना त्याने पोटाखालचं कातडं पुन्हा लाल केलं होतं. नेहमीच्या डॉक्टरांची तीन मलमं आणि दोन शांपू झाले, खाज तिथेच आहे. म्हणून जनावरांच्या त्वचेच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, १२ तारीख, सकाळी दहा. रांगेत बसल्यावर तो प्रत्येक कुत्र्याला हरकत घेईल. त्या सवयीवरून नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा तुम्हीच सांभाळा.

अजून एक. अंगठ्याची नस कापली त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही मला शब्द दिलात की पुस्तकबांधणी बंद. कटर विकलाय, दाबाच्या यंत्रावर चादर टाकलीय. कुत्रा तुमच्याकडे ठेवण्यात माझा स्वार्थ आहे, मान्य. पण हात रिकामे राहिले की तुमचे पाय मागच्या खोलीकडे वळतात, हेही मला माहीत आहे. त्यापेक्षा त्याला फिरवा.

तुमची,
मोजपट्टी

१६ फेब्रुवारी

मोजपट्टी, आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरीणबाई पाहिल्या. वयाने तुझ्याएवढ्याच असतील, पण बोलतात हेडमास्तरणीसारख्या. वकिलाला स्टीलच्या टेबलावर चढवलं, बारीक फणीने पिसवा शोधल्या, कातडं खरवडून काचेवर घेतलं, कानात कापूस फिरवून तोही काचेवर घेतला. वकिलाने एकदाही तोंड उघडलं नाही. माझ्यासमोर एवढी वकिली करतो आणि तिथे शेपूट पोटात.

निकाल असा. पिसवा नाहीत, खरूज नाही. खाण्यातल्या कशाची तरी ॲलर्जी असू शकते किंवा घरातल्या धुळीची. कशाची ते ठरवायला आठ आठवडे पथ्य. दवाखान्यातूनच पोतं मिळतं. त्यातली प्रथिनं म्हणे इतकी बारीक तोडलेली असतात की अंगाला ओळखूच येत नाहीत. मी एक दाणा खाऊन पाहिला. पुठ्ठा आहे. पुठ्ठ्यातलं मला कळतं.

हे आणि पाणी, बाकी काही तोंडात जाता कामा नये. बिस्कीट नाही, पावाचा कोपरा नाही, चवीची गोळीसुद्धा नाही. बाईंनी मला तीनदा विचारलं, कळलं का? मी म्हटलं, मी बहिरा आहे, मठ्ठ नाही.

शिवाय एक वही ठेवायची. रोज किती खाजवतो त्याला शून्य ते दहा गुण, आणि तोंडात काय काय गेलं ते. मी नवी वही आखली, वर लिहिलं "खाजवही". १३ तारीख, खाजवणं ७, खाणं पुठ्ठा. दर आठवड्याला एक नक्कल बाईंना आणि एक तुला.

शेजारीण दोनदा टोस्ट घेऊन आली होती, तिला दारातूनच परत पाठवलं. फुरंगटली आहे. फिरणं सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मी त्याला फिरवतो की तो मला, ते विचारू नकोस.

काका

१ मार्च

काका, नमस्कार.

दोन्ही नकला मिळाल्या. ७ वरून ४! मोजणीच्या ऑफिसात भिंतीवर बोगद्याचे नकाशे आहेत, त्यांच्याशेजारी मी वकिलाचा आलेख लावलाय. साहेबांनी विचारलं, ही कुठली घसरण. म्हटलं, चांगली घसरण आहे.

एक बातमी. मला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे कुंपण घातलेलं अंगण. आठ महिन्यांचं काम वाढून अडीच वर्षांचं होतंय, मी हो म्हटलंय. त्यामुळे वकिलाला इकडेच घेऊन येईन. इथे जवळपास जनावरांचा डॉक्टर नाही, म्हणून खाज पूर्ण थांबल्याशिवाय आणता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी बरा झाला असं लिहून दिलं की लगेच न्यायला येईन. तुम्हालाही सुटका. किती दिवस पुठ्ठा मोजत बसणार?

तुमची,
मोजपट्टी

१५ मार्च

मोजपट्टी, आशीर्वाद.

अंगणाचं वाचून आनंद झाला. अडीच वर्षं म्हणजे बरीच झाली, पण काम चांगलं असेल तर करावं.

नक्कल सोबत आहे. तुझी घसरण थांबली. गेल्या आठवड्यात पुन्हा ६, एक दिवस ७. काखेत लाल चट्टा, रात्रभर पंजे चाटतो. खाण्याच्या रकान्यात पुठ्ठ्याशिवाय काही नाही, मी स्वतः वाटीने मोजून घालतो. शेजारणीचा काय तो भरवसा नाही. कुंपणावरून काही टाकत असेल तर मला कसं कळणार, माझी पाठ असते आणि कान तर तुला माहीतच आहेत.

बाकी घरात सगळं शांत. वाचनालयाची बाई परवा येऊन बसली होती, गप्पा मारायला. वकील तिच्या चपलेवर झोपला.

घाई करू नकोस. अशा गोष्टींना वेळ लागतो.

काका

२८ मार्च

काका, नमस्कार.

शेजारीण काकूंना मी पत्र टाकलं. नीट शब्दांत, पण स्पष्ट लिहिलं की तुमच्या लाडापायी त्याला त्रास होतोय. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. "मी कुंपणापाशी गेलेलीसुद्धा नाही. यापुढे तुमच्या काकांच्या दारात पाय ठेवणार नाही." मला वाईट वाटलं, पण दुसरं कोण असणार?

डॉक्टरीणबाईंशी बोलले. पथ्य नीट पाळूनही खाज वाढत असेल तर कारण खाण्यात नाही, घरात आहे असं त्यांना वाटतं. जुना कागद, धूळ, त्यातले डोळ्यांना न दिसणारे किडे. २२ एप्रिलला कातड्याची चाचणी ठरवलीय. त्याला गुंगीचं औषध द्यायचं, कुशीवरचे केस भादरायचे आणि पन्नासेक बारीक सुया टोचून कुठे गांधी उठते ते पाहायचं. त्याआधी दोन आठवडे खाजेच्या सगळ्या गोळ्या बंद. त्याला त्रास होईल. पण घरच सोसत नसेल तर त्याला तिथून लवकर हलवायलाच हवं, मग बरा असो वा नसो.

तुमची,
मोजपट्टी

५ एप्रिल

मोजपट्टी, आशीर्वाद.

चाचणी एवढ्यात नको असं मला वाटतं. आठ वर्षांचा कुत्रा, त्याला गुंगी कशाला द्यायची? पथ्य आणखी आठ आठवडे वाढवून पाहू. मी वही ठेवतोच आहे, मला काही जड नाही.

घराला दोष देऊ नकोस. तू याच घरात लहानाची मोठी झालीस, तुला कधी शिंक आली नाही.

शेजारीण खरंच येत नाही. सकाळी कचरा टाकताना तोंड फिरवते. तिला पत्र लिहायला नको होतंस. मीही त्या दिवशी तसं लिहायला नको होतं.

वकील आत्ता माझ्या पायाशी आहे. आजचे गुण ६.

काका

१३ एप्रिल

काका, नमस्कार.

डॉक्टरीणबाईंनी काल तुमच्या सगळ्या नकला एकत्र लावून पाहिल्या आणि मला विचारलं, बुधवारी आणि शनिवारी या घरात काय होतं? मी माझा आलेख काढला. खरंच, मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून खाज दर बुधवारी आणि दर शनिवारी वर जाते, मग दोन दिवस उतरते, पुन्हा वर. इतकी नेमकी की बोगद्यातही मी असं माप क्वचित पाहते. धूळ वार बघून येत नाही. शेजारीण काकूही नाहीत.

बुधवारच्या आदला मंगळवार. शनिवारच्या आदला शुक्रवार.

शाळेतून आल्यावर मी तुमच्या मागच्या खोलीत अभ्यासाला बसायचे. त्या वासावरून मला वार कळायचा. एकच विचारते.

काका, तुम्ही खळ शिजवताय का?

मोजपट्टी

१८ एप्रिल

मोजपट्टी,

हो.

सांगतो सगळं. फेब्रुवारीच्या शेवटी वाचनालयाची बाई दोन शब्दकोश घेऊन आली. पाठ निखळलेली, पानं सुटलेली. ती गप्पा मारायला कधीच आली नव्हती. मी नाही म्हटलं, मग म्हटलं ठेवून जा. दुसऱ्या दिवशी चादर काढली. कटर नाही, सुरी नाही, नुसतं शिवायचं आणि चिकटवायचं. अंगठा चालतो. कोणासाठी केलं विचारशील तर माझ्यासाठीच केलं. दिवसाचे तास सरत नाहीत गं. तू कुत्रा दिलास, पण तोही दुपारी झोपतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी खळ. गव्हाचं पीठ, पाणी, मंद आच, पन्नास वर्षं तेच. वकील पहिल्या दिवसापासून टेबलाखाली. माझी बोटं चाटायचा, भांडं खाली ठेवलं की तेही. मी वहीत लिहिलं नाही, कारण खळ हे खाणं आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती पुस्तकाला लावायची वस्तू आहे. बाईंनी बिस्कीट, पाव, गोळी सगळं विचारलं, खळीचं कोण विचारणार? त्याला अपाय नको म्हणून मी मोरचूदही घातलं नव्हतं. वाळवी लागू नये म्हणून एरवी घालतोच, ते विष असतं. इतकी काळजी घेतली होती.

इथवर चूक होती. पुढचं चूक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी वही लिहिताना ७ आकडा मांडला आणि आदल्या दिवशीचं भांडं आठवलं. इतकं स्वच्छ होतं की धुवावं लागलं नव्हतं. मला तिथेच कळलं. तुझं अंगणाचं पत्र टेबलावर पडलं होतं. खाज थांबली की लगेच न्यायला येईन, असं त्यात लिहिलेलं. मी वही मिटली आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा खळ शिजवली. भांडं खाली ठेवलं.

तुला वाटेल आकडे तरी खोटे लिहायचे होते. ते जमलं नाही. वहीत चुकीचं लिहिता येत नाही मला, न लिहिणं मात्र जमलं. शेजारणीचं नाव घेणंही जमलं. ती बिचारी खरंच कुंपणापाशी आली नव्हती.

तो गेला की या घरात माझ्याशी कोणी बोलणार नाही, याची मला भीती वाटली. एवढंच कारण आहे. दुसरं चांगलं कारण शोधलं, सापडलं नाही.

चाचणी रद्द कर. आज भांडं, ब्रश, एप्रन सगळं गरम पाण्याने धुतलं आणि पिठाचा डबा वाचनालयाच्या बाईला देऊन टाकला. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगेन.

काका

१५ मे

काका,

तुमचं पत्र आलं त्याला तीन आठवडे झाले. आधी लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी कळवलं की तुम्ही गेलात आणि सगळं सांगितलंत. नव्या नकला पाहिल्या. ५, ३, २, १. गेल्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम चमचाभर गव्हाचं पीठ देऊन खात्री केली, दोन दिवसांत खाज ६ वर गेली आणि बंद केल्यावर पुन्हा उतरली. गहू. चार वर्षं मी त्याला रोज गव्हाची बिस्किटं घालत होते, तेव्हा तेवढा दोष माझाही आहे.

पण तुम्ही लिहिलंत की त्याला अपाय नको म्हणून मोरचूद घातलं नाही. म्हणजे तो चाटणार हे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं. आणि कळल्यावरही पाच आठवडे तुम्ही त्याच्या अंगावरचे चट्टे बघत रोज आकडा लिहिलात. मला शब्द मोडल्याचं एवढं नाही वाटत. तो रात्रभर पंजे चाटत होता आणि तुम्ही जागेच होतात, हे डोक्यातून जात नाही.

मीही तुम्हाला विचारायला हवं होतं. अडीच वर्षांचं मी एका ओळीत लिहिलं आणि खाली "तुम्हालाही सुटका" असं लिहिलं. ते वाक्य मी आता वाचू शकत नाही.

तरीही त्याला नेणार. ३० मेला येते. शेजारीण काकूंची मी पत्राने माफी मागितलीय, तुम्ही त्यांच्या दारात जाऊन मागा.

मोजपट्टी

१० जून

मोजपट्टी, आशीर्वाद.

तू आलीस, चहा घेतलास, वकिलाला घेऊन गेलीस. आपण दोघं मिळून दहा वाक्यंही बोललो नसू. त्यातली चार पोत्याबद्दल होती. मला ते योग्यच वाटलं.

शेजारणीकडे गेलो होतो. तिने पाच मिनिटं दारात उभं केलं, मग आत घेतलं. टोस्ट दिला. मी खाल्ला, आता मला कसलंच पथ्य नाही.

सोबत खाजवही पाठवतोय. सुटी पानं झाली होती, म्हणून बांधली. घाबरू नकोस. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, नुसते दोऱ्याने शिवलेत, पाठीवर कापड आहे तेही टाके घालून बसवलंय. कुठेही खळीचा थेंब नाही, त्याने चाटली तरी चालेल. अशी बांधणी मी आयुष्यात पहिल्यांदा केली. चार दिवस लागले, खळीने दोन तासांचं काम.

मागे साठ कोरी पानं घातली आहेत. मार्चपासूनच्या प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी खाण्याच्या रकान्यात आता "खळ" असं लिहून ठेवलंय, लाल शाईने, पुढे कोणी वही वाचली तर फसू नये म्हणून.

सकाळी अजून साडेसहाला उठतो. पट्टा खुंटीवरच राहिला आहे, तो तुला देणं विसरलो. पाठवू का?

काका

२ जुलै

काका, नमस्कार.

वही मिळाली. पट्टा पाठवू नका.

वकिलाने वही चाटली नाही. हुंगली, आणि तिच्यावर हनुवटी टेकून संध्याकाळपर्यंत पडून राहिला. मला लिहायची होती, द्यायला तयार नाही.

कोरी पानं मी सुरू केलीत. खाजवणं, तीन आठवडे शून्य. काखेतले केस परत आले. खाणं, पुठ्ठा. अंगणात धावतो, बोगद्याची शिट्टी वाजली की हरकत घेतो. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने बरा आहे.

मी एक रकाना वाढवलाय, दाराशी बसणं. सोमवारी चाळीस मिनिटं. मंगळवारी एक तास दहा. बुधवारी पाऊण तास. मी घरात असते तेव्हाही बसतो, म्हणजे माझी वाट बघत नाही. खाज वार धरून यायची, हे कुठल्याच दिवशी उतरत नाही. नक्कल डॉक्टरीणबाईंना पाठवली होती. त्यांनी लिहिलं, यावर माझ्याकडे काही नाही, तुमच्याकडे असेल तर बघा.

तुम्ही केलंत ते मी विसरलेले नाही. एवढ्यात विसरेन असंही नाही. तो मात्र विसरलाय, किंवा त्याने ते कधी तुमच्या नावावर लिहिलंच नव्हतं.

आमच्या ऑफिसातल्या मोजणीच्या वह्या दमट हवेने उसवल्यात. तीनशेच्या वर आहेत. तुमची खाजवही साहेबांना दाखवली. त्यांनी ती उघडून पूर्ण सपाट केली, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली आणि विचारलं, हा माणूस कुठे असतो. पानं कापायचं काम इथला यंत्रवाला करील, सुरीला तुम्ही हात लावायचा नाही. काम फक्त सुई-दोऱ्याचं. गव्हाचं पीठ घरात येणार नाही, मीही भाकरीच खाते आता. मागच्या खोलीला खिडकी आहे, तिच्याखाली टेबल मावतं, मी मोजलंय.

रविवारी दुपारी चारची गाडी इथे पोहोचते. पट्टा स्वतः घेऊन या. आणि कानातलं यंत्र डब्यात नको, कानात घालून उतरा. वकिलाला तुमच्याविरुद्ध बरंच काही म्हणायचंय, ते ऐकून घ्यावं लागेल.

तुमची,
मोजपट्टी